मोजलं, की वाटलं?

आमचे संख्याशास्त्राचे सर दौंडला राहायचे आणि रोज एसटीनं शिरूरला कॉलेजात यायचे. बायको दौंडच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिची नोकरी सरांच्या नोकरीपेक्षा जुनी आणि घट्ट, म्हणून बिऱ्हाड तिच्या गावी. जाऊन-येऊन चार तास गाडीत जायचे. दुसरा माणूस झोपला असता. सर एका वहीत गाडी किती मिनिटं उशिरा सुटली ते लिहायचे. अशा अकरा वर्षांच्या वह्या त्यांच्याकडे होत्या. एकदा आगारात जाऊन त्यांनी कंट्रोलरला सांगितलं, "तुमची सव्वासातची गाडी सरासरी सात पस्तीसला सुटते. तेव्हा वेळापत्रकातच सात पस्तीस लिहा, म्हणजे ती वेळेवर सुटेल."

कंट्रोलर जुना माणूस. तो जरा विचार करून म्हणाला, "सर, तसं लिव्हलं तर ती आठला सुटंल."

सरांनी हे वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या माणसाचं त्यांना पटलेलं एवढं एकच मत मला माहीत आहे.

बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं. पट्ट्याला इतर पुरुष मोबाइलचं कव्हर अडकवतात तिथं सरांची पन्नास फुटी टेप. शबनममध्ये सुतळीचा गुंडा आणि एक कापडी पिशवी, तीत हाऊजीच्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या. काहीही निवडायची वेळ आली की सर पिशवीत हात घालून सोंगटी काढायचे. वर्गात प्रश्न कुणाला विचारायचा, कॅन्टीनमध्ये काय खायचं, सगळं त्या पिशवीवर. पिशवीनं लागोपाठ पाच दिवस मिसळ काढली तेव्हा त्यांना पित्त झालं, पण सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मर्जीनं इडली मागितली नाही.

बाजारात शेंगा घ्यायच्या तर वरची ओंजळ त्यांना चालायची नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली एक, मधली एक, कडेची एक, अशा दहा-बारा शेंगा काढायच्या, फोडायच्या आणि किडक्या किती ते सांगायचं. मग पाव किलो घ्यायचे. शेंगावाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "सर, तुमच्यापरीस उंदीर बरा. त्यो एका बाजूनं खातो."

त्यांचं एक पालुपद होतं. कुणी काहीही बोललं की ते मान तिरकी करून विचारायचे, "मोजलं, की वाटलं?" पेपर अवघड गेला म्हटलं, तरी हेच. उकडतंय म्हटलं, तरी हेच. मराठीच्या मॅडमचे सासरे वारले तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. तिथं कुणीतरी म्हणालं की म्हातारबुवांवर गावाचा फार जीव होता. सरांनी आजूबाजूला नजर फिरवली, ओठ हलवत माणसं मोजली, आणि हळूच विचारलं, "गावची लोकसंख्या किती?" मॅडम त्यांच्याशी दीड वर्ष बोलल्या नाहीत. सर म्हणायचे चौदा महिने.

वर्गात शिकलेलं बाहेर वापरता आलं नाही तर ते शिकलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. बोलायला छान आहे. अडचण एवढीच की बाहेर माणसं राहतात, हे सरांच्या ध्यानात नसायचं.

मी केंदूरची. दुसऱ्या वर्षाला असताना सर आमचा अख्खा वर्ग घेऊन माझ्या घरी आले. आमच्या कांदा चाळीत किती कांदा सडतोय याचा अंदाज नमुना काढून करायचा होता. आप्पांना वाटलं, पोरीचे सर आलेत, चहा-पाणी घेऊन जातील. सरांनी चाळीचे वीस भाग पाडले आणि प्रत्येक भागात वरचा, मधला आणि तळचा कांदा काढायचा हुकूम दिला. तळचा कांदा काढायचा म्हणजे वरचा ढीग हलवायचा. वीस पोरं दिवसभर ढीग हलवत होती. संध्याकाळी सरांनी आप्पांना सांगितलं, "शंभरात चार कांदे सडलेले आहेत. काळजीचं कारण नाही."

आप्पा म्हणाले, "बरं झालं सांगितलं."

चाळीतला कांदा एकदा रचला की हलवायचा नसतो. हलवलेल्या कांद्याला मार लागतो. पुढच्या पंधरा दिवसांत चाळीला वास सुटला. मी घाबरत सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मोजण्यानंच मोजायची वस्तू बदलली. हे पुस्तकात आहे, पण मी प्रत्यक्ष पहिल्यांदा बघतोय. आप्पांना सांग, मी पुन्हा येतो मोजायला."

आप्पांनी निरोप पाठवला, "सरांना म्हणावं, कांदा इकला."

कांदा विकला नव्हता. आप्पा माळकरी माणूस, पण त्या दिवशी खोटं बोलले.

पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून सरांनी कुत्र्यांची मोजणी काढली, ती गोष्ट तालुक्यात अजून सांगतात. गावात मोकाट कुत्री किती, हे सगळी न मोजता काढता येतं. एक दिवस जी सापडतील त्यांच्यावर खूण करायची. चार दिवसांनी पुन्हा हिंडायचं, आणि त्या वेळी दिसलेल्या कुत्र्यांत खुणेची किती, यावरून गणित मांडायचं. सुंदर गणित आहे. खुणेसाठी रंग असा हवा की कुत्र्याला इजा नको आणि धुतला की जावा. सरांनी गुलाल ठरवला.

मोजणीसाठी सरांनी जे गाव निवडलं तिथं ग्रामपंचायतीचा निकाल लागून आठवडा झाला होता. हे आमच्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण सरांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. त्यांनी "मोजलं, की वाटलं?" विचारलं असतं.

आम्ही सकाळी बिस्किटं टाकून सव्वीस कुत्र्यांच्या पाठीवर गुलाल लावला. दहा वाजेपर्यंत पडलेल्या पॅनेलची माणसं पारावर जमली. त्यातला एक सरांना म्हणाला, "आमी हारलो ते हारलो. पर आमच्या आळीत गुलालाची कुत्री सोडायची हे कुणी शिकवलं तुमाला?"

सरांनी भिंतीवर कोळशानं गणित मांडायला घेतलं. तेवढ्यात निवडून आलेली माणसं आली. ती जास्त चिडली होती. "आमचा गुलाल कुत्र्याला?" दोन्ही पॅनेलं वीस वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला उभी राहिली. शेवटी पोलीस पाटलांनी तोड काढली की सरांनी आणि पोरांनी सगळी कुत्री धरून धुवायची.

धरून आणलेल्या कुत्र्यांत गुलालाची होती तशी बिनगुलालाचीही होती. सर हौदाशी बादली घेऊन उभे. एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की ही दुसरी मोजणीच चालली आहे. त्यांनी बादली खाली ठेवून वही काढली. त्याच वेळी एका लाल पाठीच्या कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली. त्या कुत्र्याची नोंद सरांनी आधी केली आणि पाय नंतर सोडवला. इंजेक्शनं सरांच्या बायकोनं, म्हणजे नर्स असलेल्या काकूंनी, घरीच दिली. त्या म्हणाल्या, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्यांदा मला ह्यांना टोचायला मिळालं."

एम.एस्सी. होऊन मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे ज्या तासाला शिकवू तेवढ्याच तासाचे पैसे, आणि दर जूनमध्ये पुन्हा अर्ज. सर वरिष्ठ, मी त्यांच्या हाताखाली. तेव्हा कॉलेजला श्रेणी द्यायला बाहेरून समिती येणार होती. समितीला दाखवायच्या फायलींत एक हरित लेखापरीक्षणाची होती. कॉलेजनं पर्यावरणासाठी काय केलं, ते तपासून लिहायचं. आमच्या संस्थेनं गावाबाहेरच्या पंचवीस एकर माळावर पाच हजार झाडं लावली होती. निदान फोटो तरी तसे होते. दर पावसाळ्यात कुणीतरी पाहुणा यायचा, रिबीन बांधलेलं फावडं त्याच्या हातात द्यायचे, आणि तो बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात नवं रोप ठेवायचा.

प्राचार्यांनी हे काम सरांना दिलं, कारण अहवालावर संख्याशास्त्राच्या माणसाची सही शोभून दिसते. माळावर जाऊन मोजा, असं प्राचार्य म्हणाले नव्हते. तसं कुणी मोजेल हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

सरांनी नकाशावर माळाच्या हजार चौकटी पाडल्या आणि पिशवीत एक ते दहाच्याच सोंगट्या ठेवून, दर चौकटीसाठी तीन-तीनदा काढून चाळीस निवडल्या. ज्या निघतील त्याच. टेप आणि सुतळी घेऊन सर, मी आणि चौदा विद्यार्थी असे आम्ही चार दिवस त्या माळावर हिंडलो. एक चौकट घाणेरीच्या जाळीत आली. सर आत शिरले, बाहेर आले तेव्हा शर्टाची एक बाही आत राहिली होती. एक चौकट जुन्या खाणीच्या डबक्यात आली. तिथं झाड असणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "सर, शून्य लिहिते."

"बघितलंस?"

"पाणी दिसतंय की, सर."

सर पँट दुमडून मांड्यांपर्यंत पाण्यात गेले, मध्यभागी उभे राहून चारी बाजूंना पाहिलं आणि तिथून म्हणाले, "शून्य. लिही."

माळावर बबनमामा होते, संस्थेचे माळी. ते चारही दिवस एका करंजाच्या सावलीत बसून आमची मजा बघत होते. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "सर, कशापायी एवढी रानभर दोरी ताणता? मला इचारलं असतं तर बसल्या जागी सांगितलं असतं. दोनशे त्र्याऐंशी."

"कशावरून?"

"पानी मी घालतो. जिथवर माझा हंडा पोचतो तिथवर जगली. बाकीची कवाच गेली. काई शेरडांनी खाल्ली, काई वणव्यात."

सरांनी सावलीत बसून गणित केलं. चाळीस चौकटींत आम्हाला एकूण बारा झाडं सापडली होती. एकतीस चौकटी कोऱ्या. माळावर अंदाजे तीनशे झाडं, शंभरापेक्षा कमी नाहीत आणि पाचशेपेक्षा जास्त नाहीत. सर हे मामांना मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि हसू त्यांच्या चेहऱ्यात मावत नव्हतं. "मामा, तुमचा आकडा माझ्या मर्यादेत बसला. तुम्ही बरोबर आहात."

मामा म्हणाले, "व्हय का. बरं झालं."

मला तेव्हा सरांचा राग आला होता, तो सांगते. पाच हजार झाडांतली पावणेपाच हजार मेली होती. त्यांना त्याचं काही नव्हतं. पद्धत जगली, एवढ्यावर ते खूश होते. दौंडच्या गाडीत बसेपर्यंत ते गुणगुणत होते.

सरांनी आठ पानांचा अहवाल टंकून घेतला. शेवटच्या पानावर सही केली, प्राचार्यांकडे पोचवायला माझ्याकडे दिला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांनी मला चहा दिला. त्याआधी त्यांनी मला कधी बसही म्हटलं नव्हतं.

"मॅडम, सर म्हणजे विद्वान माणूस," ते म्हणाले. "पण हा अहवाल समितीसमोर ठेवला तर आपली सगळ्यांचीच पंचाईत. तक्ते जरा व्यवस्थित करा."

"व्यवस्थित म्हणजे, सर?"

"ते तुम्ही संख्याशास्त्रवाल्यांनी ठरवायचं. मी मराठीचा माणूस." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी तुमच्या विभागात एक पूर्ण वेळेची जागा निघतेय, कानावर आलंच असेल."

त्यांनी मला खोटं लिही असं एकदाही सांगितलं नाही. यात त्यांची हुशारी होती. माझी हुशारी अशी की मला ते लगेच समजलं.

रविवारी दुपारी घरी, जेवणं झाल्यावर, मी चाळीस चौकटींचे चाळीस आकडे लिहिले. प्रत्येक चौकटीत तीन ते सहा झाडं. माळावर चार दिवस गेले होते, हे पाऊण तासात झालं, आणि त्यातला अर्धा वेळ आई शेजारी बोलत होती. पहिली सात पानं बदलली. सहीचं आठवं पान तसंच ठेवलं, फक्त त्यावरची तीनशे झाडांची ओळ झाकून तिथं नवी टंकली.

सर काळा चष्मा लावून परत आले आणि थेट ग्रंथालयात गेले. अर्ध्या तासानं त्यांनी मला रिकाम्या वर्गात बोलावलं. टेबलावर छापलेला अहवाल होता. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी खडू घेतला.

"हे बघ," ते म्हणाले. "खरी झाडं अशी सगळीकडं सारखी जगत नाहीत. जिथं पाणी तिथं दाट, बाकी उजाड. इथं एकही शून्य नाही. एकही नऊ नाही. आणि सगळ्यात गंमत अशी की तक्त्यात लागोपाठच्या दोन चौकटींत सारखा आकडा एकदाही आलेला नाही. माणूस मनानं आकडे लिहायला बसला की लागोपाठ सारखा आकडा लिहायला घाबरतो. खरा निसर्ग घाबरत नाही."

ते फळ्यावर आलेख काढत गेले. पंचवीस-तीस मिनिटं त्यांनी मला माझीच लबाडी शिकवली, आणि खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा तो धडा नीट समजला. मध्ये शिपाई दारात आला, वर्ग चालू आहे असं समजून गेला.

शेवटी त्यांनी हात झटकले. "पहिल्या वर्षी मी तुम्हाला मनानं शंभर आकडे लिहायला लावले होते. पाचापाठोपाठ चार लिहायची सवय एकाच मुलीला होती. इथं ते अकरा वेळा आलंय."

मी टेबलावरचा अहवाल मिटला.

"मी कुणाचं नाव घेत नाही," ते म्हणाले. "हा माझा अंदाज आहे. अंदाजावर तक्रार करता येत नाही." त्यांनी फळा पुसला आणि ते गेले.

समिती आली त्या दिवशी फेटे, तुतारी, रांगोळी, सगळं झालं. सभागृहात तीन पाहुणे, आम्ही सगळे प्राध्यापक, निवडक विद्यार्थी. प्राचार्यांनी पडद्यावर हिरवागार माळ दाखवला. तो कुठला होता मला माहीत नाही, आमचा नव्हता. समितीच्या अध्यक्ष बाई वयस्कर, शांत होत्या. त्या म्हणाल्या, "झाडं जगण्याचं प्रमाण फारच चांगलं दिसतंय."

सर उठले. काळा चष्मा, हातात ती कापडी पिशवी. सरळ व्यासपीठावर जाऊन त्यांनी पिशवीचं तोंड बाईंसमोर उघडलं. "मॅडम, यात माळावर मोजलेल्या चाळीस चौकटींचे नंबर आहेत. कुठल्याही दोन काढा. गाडीनं वीस मिनिटं लागतात. आपण जाऊन बघू."

प्राचार्य हसले, पण एका बाजूनं. बाईंनी खरंच पिशवीत हात घातला आणि एक सोंगटी काढली. शेजारच्या पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि जेवण तयार असल्याचं सुचवलं. बाई सोंगटीकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर पहिल्या रांगेवर आली. अहवालात मोजणी करणाऱ्यांत माझं नाव होतं, आणि प्राचार्यांनी मघाशीच माझी ओळख करून दिली होती.

"मॅडम, तुम्ही स्वतः मोजायला होता ना? मोजणीचे आकडे हेच ना?"

मी उभी राहिले. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते बाईंच्या हातातल्या सोंगटीवरचा नंबर वाचायचा प्रयत्न करत होते. त्यांना एका डोळ्यानं अजून नीट दिसत नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

बाईंनी सोंगटी टेबलावर ठेवली. सगळे जेवायला गेले. पुरणपोळी होती. सरांनी सोंगटी उचलून पिशवीत टाकली आणि आमटी वाढायच्या रांगेत माझ्या मागं येऊन उभे राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. महिन्याभरात सरांची शिक्षा म्हणून बदली झाली, संस्थेच्या दौंड तालुक्यातल्या शाखेत, अकरावीच्या पोरांना गणित शिकवायला. प्राचार्यांनी घाईत एक गोष्ट पाहिली नाही. ती शाखा सरांच्या घरापासून सायकलनं दहा मिनिटांवर होती. सरांनी निरोपाच्या भाषणात वर्षाला वाचणाऱ्या तासांचा हिशोब मांडला आणि प्राचार्यांचे इतक्या मनापासून आभार मानले की प्राचार्यांना त्यांच्या अंगावर शाल नीट घालता येईना.

जूनमध्ये पूर्ण वेळेची जागा निघाली. ती संस्थेच्या एका संचालकांच्या सुनेला मिळाली. मी रांजणगावला एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. तयार मालाच्या पेट्यांतून नमुने काढायचे आणि माल पाठवायचा की थांबवायचा ते लिहायचं. दिवसभर मी सरांचंच काम करत होते, आणि दर वेळी पेटीत हात घालताना ती पिशवी दिसायची. दोन वर्षं अशी काढली. मग एका रविवारी दौंडला गेले.

सर अंगणात बसून चिमण्यांच्या खेपा मोजत होते. मी सगळं सांगितलं. आकडे मीच लिहिले, आणि सभागृहात हो म्हटलं. मला रडू आलं.

सरांनी पेन बंद केलं. "सभागृहात त्या दिवशी खरा आकडा माहीत असलेली माणसं किती होती, ठाऊक आहे? प्राचार्य, दोन कारकून, माळावर आलेले विद्यार्थी, तू आणि मी. एकोणीस. बबनमामांना आत सोडलं नव्हतं. एकोणिसांतले सतरा गप्प बसले. तुला विचारलं, म्हणून तुला हो म्हणावं लागलं. तू काही वाईट मुलगी नाहीस गं. तू सरासरी आहेस."

आतून काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "अहो, पोरगी एवढ्या लांबून आलीय. तिला असं बोलतात का?"

सर खरोखर गोंधळले. "मी तिची समजूत घालतोय."

ते खरंच समजूत घालत होते. मला आयुष्यात इतकं कुणी मारलेलं नाही.

मोजणीची मूळ वही माझ्याकडेच होती. महिन्याभरानं मी तिच्यावरून सरांच्या नावाचे खरे तक्ते आठ पानांत पुन्हा काढले, त्याला नववं पान जोडलं: छापलेले आकडे मी बनवले, कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या दिवशी. खाली सही केली. ती नऊ पानं संस्थेच्या कार्यालयात देऊन शिक्का मारलेली पोच घेतली आणि ती दाखवायला दौंडला गेले. मला शाबासकी हवी होती, नाकारत नाही.

सरांनी पोच डोळ्यांजवळ धरली. "किती पानं दिलीस?"

"नऊ."

"इथं आठ लिहिलंय."

मी बघितलं. कारकुनानं शिक्क्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, एकूण पाने आठ.

"माझं नाव खऱ्या तक्त्यांवर आहे आणि खोट्या अहवालावरही आहे," सर म्हणाले. "नववं पान नसेल तर दोन्ही मीच लिहिलेत." आवाज नेहमीसारखाच होता. कांद्याबद्दल बोलायचे तसा. "पुढची गाडी पावणेबाराची. बाराला सुटेल."

मी काकूंच्या पोह्यांसाठी न थांबता निघाले. कार्यालयात तोच कारकून होता. मी पोच समोर ठेवली आणि पर्समधून नवव्या पानाची दुसरी प्रत काढली. सही पुन्हा केली, त्याच्या समोर.

तो वाचत गेला. मग त्यानं आतल्या केबिनच्या दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, आठच ऱ्हाऊ द्या. तुमच्याच भल्याचं सांगतो. हे पान तुमच्याच अंगाशी यील."

"माहीत आहे," मी म्हटलं. "नऊ लिहा."

मग त्यानं आठावर काट मारली, शेजारी नऊ लिहिलं. मी त्याला खाडाखोडीवर सही करायला लावली.